देवस्थळीबाईंना वहिनीच्या डोळ्यात दिसलं ते

आमच्या घरात वहिनीचं कौतुक झालं ते पहिले सहा-सात महिने, आणि तेसुद्धा ती मान खाली घालून वावरते म्हणून. आई बाजूवाल्या काकीजींना अभिमानाने सांगायची, "एवढी मॅट्रिक झालेली मुलगी, पण नजर वर करून बघत नाही हो कोणाकडे!" काकीजी माळव्यातल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणायच्या, "भोत सीधी बहू मिली आपको, बाई." मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते आणि मलाही वाटायचं, काय मर्यादेची वहिनी मिळाली आपल्याला! आज चौऱ्याऐंशी उलटली तरी ते आठवलं की तोंड कडू होतं. मान वर केली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून ती मान खाली घालायची. खाली वाकलं की जग परत दिसायला लागायचं. एका मुलीला नीट दिसत नाही, आणि आख्खं घर त्याला संस्कार म्हणतंय! त्या कौतुकात मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

जुन्या इंदुरात आम्ही एका मालकाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. तीन खोल्या, मागे लाकडी गॅलरी, आणि खाली चौकात सगळ्यांना मिळून एक नळ. सकाळी मिलचा भोंगा झाला की नळावर बादल्यांचा खणखणाट सुरू व्हायचा, आणि त्यातच कोणाचं तरी "ओ भिया, जरा सरको" चालू असायचं. नाना, म्हणजे माझे वडील, होळकर सरकारच्या सायर, म्हणजे जकात खात्यातून रिटायर झालेले. राज्य जाऊन मध्यभारत झाला तरी त्यांच्या बोलण्यात "आपले सरकार" म्हणजे महाराजच असायचे. दादा नव्या सरकारच्या सेक्रेटेरियटमध्ये क्लार्क होता. त्या काळी सरकारच अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं इंदूरला असायचं. फायलींच्या पेट्या आगगाडीत चढल्या की दादाही चढायचा. लग्न होऊन चार महिने झाले असतील-नसतील, तो ग्वाल्हेरला गेला आणि वहिनी आमच्याजवळ राहिली. ती महूच्या एका शाळामास्तरांची मुलगी. आईसमोर मला "वन्सं" म्हणायची आणि गॅलरीत आम्ही दोघीच असलो की "कुमुद". तिचं माहेरचं नाव वेणू. लग्नात ते बदलून सुमती केलं होतं, पण माझ्यासाठी ती नुसतीच वहिनी.

पावसाळ्यात आमच्याकडे भुट्ट्याचा कीस आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा. इंदूरच्या मराठी घरांत माळव्याचं खाणं असं मिसळून गेलेलं होतं. सकाळी शेव घातलेले पोहे, रविवारी दाल-बाफले, आणि गोडाच्या दिवशी मात्र पुरणपोळीच. टोपलीभर कोवळे भुट्टे किसणीवर किसायचं काम वहिनीचं. तीन-चार भुट्टे झाले की तिचा हात थांबायचा. दमून थांबतो तसा नाही. दोरी तुटल्यासारखा खांद्यापासून नुसता लोंबायचा. ती तो दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर ठेवायची, थोडा वेळ बसायची, मग पुन्हा सुरू. आई चुलीपाशी दुधात कीस परतत असायची. तिचं लक्ष जायचंच. "काय गं, एवढ्यात थकली? आम्ही तुझ्या वयात पन्नास माणसांचं करत होतो." वहिनी म्हणायची, "आई, हातात जोरच राहत नाही. मुंग्या येतात." आई म्हणायची, "मुंग्या मलाही येतात. मी सांगत बसते का?" धुण्याचे पिळे काढताना, कणीक मळताना, केस विंचरताना, हात वर गेला की तेच. मधूनच अंग कसकसायचं, बारीक ताप यायचा, सांधे दुखायचे. दुपारी ती पंधरा मिनिटं आडवी व्हायची, आणि ती गोष्ट मी आईला सांगितली. कोणी विचारलं नव्हतं. वहिनीची वेणी माझ्या वेणीपेक्षा लांब होती आणि नाना तिच्या हातच्या चहाची तारीफ करायचे, एवढ्या कारणावरून मी चुगली केली. त्या दिवसापासून दुपारी निवडायला धान्य निघू लागलं.

घरात "ढोंग" हा शब्द पहिल्यांदा कोणी उच्चारला ते आठवत नाही. पण एकदा तो आला आणि ठाण मांडून बसला. वहिनी भिंतीला धरून उठली की ढोंग, जिन्यात थांबली की ढोंग. नाना स्वतः तो शब्द वापरत नसत, पण आई वापरत असताना पेपर वाचत बसत, आणि मला आता वाटतं की ते जास्त वाईट होतं. दादाला वहिनीने पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर नानांच्या नावाने आलं, "तिची तबियत बरी नसल्यास तुम्ही सांगाल तसे करावे." दादा वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर त्याच्यावर रागावून तरी मोकळं होता आलं असतं.

शेवटी आईने खजरान्याच्या गणपतीला नवस बोलला आणि एका बुधवारी आम्ही तिघी टांग्याने निघालो. तेव्हा खजराना गावाबाहेर होतं, मध्ये शेतंच शेतं. देवळापासून बरंच अलीकडे आईने टांगा थांबवला, कारण उरलेली वाट अनवाणी चालायची असं नवसात होतं. ऊन चांगलंच वर आलं होतं. वहिनीच्या हातात नारळ-फुलांचं ताट. दुकानांच्या रांगेतून आम्ही देवळापाशी पोचलो तशी आई म्हणाली, "कळसाला नमस्कार कर आधी. वर बघ नीट, किती दिवस मान खाली घालून चालशील?" वहिनीने मान वर केली, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि ताटासकट खाली कोसळली. नारळ घरंगळत मोगऱ्याच्या दुकानाखाली गेला. लोक जमले. कोणी म्हणालं मिरगी आहे, जूता सुंघाओ. आणि खरोखरच एका माणसाने आपली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. मी ती ढकलून दिली. एवढीच एक गोष्ट त्या वर्षात माझ्या हातून बरी झाली. वहिनीला आडवं पडल्यावर मिनिटाभरात शुद्ध आली, ती उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "आई, चुकलं माझं."

घरी आल्यावर आई नानांना म्हणाली, "फेफरं लपवून मुलगी गळ्यात बांधली आपल्या. महूला पत्र टाका, घेऊन जा म्हणावं. वसंताचं अजून काही वय गेलेलं नाही." वसंत म्हणजे दादा. वहिनी पलीकडच्या खोलीत होती, मध्ये नुसता पडदा. तिने सगळं ऐकलं.

नानांनी लगेच पत्र टाकलं नाही, आधी गावातल्या बड्या डॉक्टरांना दाखवू म्हणाले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचा दरारा असा, की रस्त्यात त्यांची मोटर दिसली की लोक सायकलवरून उतरत. ते घरी आले, खुर्चीवर बसले, वहिनीचं मनगट हातात धरलं आणि सबंध वेळ आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नानांशी मेयो कॉलेजच्या क्रिकेटबद्दल बोलत राहिले. वहिनी सांगायला लागली, "डॉक्टरसाहेब, मान वर केली की दिसत नाही आणि हात…" तर म्हणाले, "हां हां, समजलं." मनगट सोडून नानांना बाहेर घेऊन गेले. गॅलरीतून मला स्पष्ट ऐकू आलं. "नवरा सहा-सहा महिने बाहेर. शिकलेल्या मुली, हिस्टेरिया होतो. लक्ष द्यायचं नाही. नाडी थोडी बारीक आहे, ती बायकांची असतेच." लिहून दिलं एक टॉनिक.

आता जिथून सगळं फिरलं ते सांगते. त्यात वहिनीला दाखवायला कोणी नेलंच नव्हतं. डोळे माझे दाखवायचे होते. शाळेत फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाईंनी चिठ्ठी पाठवली. नानांचा गुडघा धरलेला, आईला वेळ नाही, म्हणून वहिनीबरोबर मला कृष्णपुऱ्याला पाठवलं. तिथे होळकरांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांजवळच्या गल्लीत डॉक्टर मिस देवस्थळींचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. चाळिशीच्या असाव्यात, पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बोलणं एकदम सडेतोड. इंदूरच्याच, पण शिकल्या मुंबईला. गावात त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नसे. "चष्म्याच्या नंबरवाल्या बाई" म्हणत. त्यांनी माझ्या डोळ्यात औषध घातलं, अर्धा तास बसवलं, आतल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन छोट्या दिव्याच्या यंत्रातून खूप वेळ माझ्या डोळ्यात बघितलं. मग एका जाड वहीत रंगीत पेन्सिलींनी वर्तुळ काढून त्यात काही भरलं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "तुझ्या डोळ्याचा तळ. मी प्रत्येकाचा काढते. शरीरात ही एकच जागा आहे जिथे माणसाच्या रक्तवाहिन्या कापल्याशिवाय उघड्या बघता येतात. फुकट का सोडायच्या?"

गेल्याच महिन्यात मी नातवाबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. हनुवटी टेकवायला सांगितली, लख्खकन उजेड झाला, आणि पडद्यावर माझ्या डोळ्याचा तळ नारिंगी सूर्यासारखा उभा राहिला. कोवळा डॉक्टर सांगायला लागला, "आजीजी, ह्या नसांवरून हार्ट, किडनी, शरीरात कुठे सूज असेल तर तेही आता कळू शकतं. नवीन रिसर्च आहे." मी म्हटलं, "असेल बाबा." काय सांगणार त्याला?

माझं चित्र पूर्ण झालं आणि मी बाहेर येऊन वहिनीला म्हणाले, चल. वहिनी बाकावरून उठली, दोन पावलं चालली, भिंतीला हात टेकून मान खाली घालून उभी राहिली. हे आम्हाला रोजचंच. पण देवस्थळीबाई दारातून बघत होत्या. "काय होतंय?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "काही नाही, सवय आहे." बाई जवळ आल्या. "दिसायचं बंद होतं?" वहिनीने होकारार्थी मान हलवली. "वाकलं की परत दिसतं?" वहिनीने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपणहून मान वर करायचा प्रयत्न केला. "तुम्हाला कसं कळलं?" आणि ती रडायला लागली. काय होतंय, हा प्रश्न तिला आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. सगळ्यांनी तिला उत्तरं दिली होती.

त्या दिवशी आम्ही दवाखान्यात तीन तास होतो. बाईंनी बाकीचे पेशंट परत पाठवले. वहिनीच्या डोळ्यात बघता बघता त्यांनी एकदा यंत्र पुसून पुन्हा बघितलं, दुसऱ्या डोळ्यात बघितलं. मग तिचं डावं मनगट धरलं, बोटं सरकवली, पुन्हा सरकवली. उजवं धरलं. मानेला दोन्ही बाजूंनी हात लावला, नळी लावून गळ्याशी ऐकलं. "ताप येतो? सांधे? हात वर केल्यावर दुखतो?" प्रत्येक प्रश्नाला वहिनीचं उत्तर हो. शेवटी बाईंनी चित्र काढलं आणि माझं चित्र त्याच्या शेजारी ठेवलं. माझ्या वर्तुळात मधोमध एक पिवळसर ठिपका आणि त्यातून निघालेल्या चार स्वच्छ फांद्या. वहिनीच्या वर्तुळात फांद्या फुगलेल्या, मध्येच मणी ओवल्यासारख्या गाठी, आणि त्या पिवळ्या ठिपक्याभोवती रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून त्यांचं कडंच तयार झालेलं. "रोग डोळ्याचा नाही," बाई म्हणाल्या. "हृदयातून वर येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आलीय, त्या अरुंद होत चालल्यात. डोळ्यापर्यंत रक्तच पुरेसं पोचत नाही, म्हणून त्यांनी असे आडमार्ग काढले. जपानमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टराने फार पूर्वी असेच डोळे बघून ठेवलेत. मी फक्त वाचलं होतं." मग वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू नाटक करत नाहीयेस. हे मी लिहून देते."

आणि दिलं. बड्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी, दोन पानं, सोबत चित्राची नक्कल. नानांनी ती स्वतः नेऊन दिली. घरी आले तेव्हा चेहरा लाल. बड्या डॉक्टरांनी चित्र उलटं-सुलटं धरून बघितलं होतं आणि चार लोकांसमोर म्हणाले होते, "देवस्थळीबाई रांगोळीपण छान काढतात वाटतं. त्यांना सांगा, चष्मे विका." लोक हसले होते. नाना बिचारे अपमान होऊन परत आले. पण मला त्यांचा राग आला तो ह्यासाठी, की त्यांचा राग बड्या डॉक्टरांवर नव्हता. "ह्या बाईमुळे आपली शोभा झाली," असं ते म्हणाले. आई म्हणाली, "लग्न न झालेली बाई, ती सुनांचा कैवार घेणारच." आणि महूला पत्र गेलं. सोमवारी वहिनीचे वडील न्यायला येणार असं ठरलं.

ही गोष्ट मी शनिवारी शाळा सुटल्यावर परस्पर कृष्णपुऱ्याला जाऊन देवस्थळीबाईंना सांगितली. चुगलीच, पण ह्या वेळी योग्य माणसाला. रविवारी सकाळी आमच्याकडे बाफल्यांची कणीक मळून ठेवलेली, गोवऱ्या पेटवलेल्या, आणि खाली टांगा थांबला. देवस्थळीबाई वही काखेत मारून जिना चढून वर आल्या. चपला काढल्या आणि बसा म्हणायच्या आधी नानांना म्हणाल्या, "नानासाहेब, सूनबाईंना बोलवा."

वहिनी आली. बाई म्हणाल्या, "हिचा डावा हात धरा." नाना गडबडले. सासऱ्याने सुनेचा हात धरायचा, ही गोष्ट आमच्या घरात कल्पनेपलीकडची. आई पुढे झाली. "हे बरं दिसत नाही हो, देवस्थळीबाई."

"बरं काय दिसतं ते नंतर बघू. नानासाहेब, नाडी शोधा."

नानांनी दोन बोटांनी मनगट धरलं. बराच वेळ बोटं इकडे-तिकडे केली. "मला जमत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला जमतंय. ती नाहीच आहे. आता उजवा हात."

"आहे… अगदी धाग्यासारखी."

"आता स्वतःची बघा."

नानांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. खाली नळावर कोणीतरी भांडत होतं, तेवढाच आवाज. नाना आपल्या मनगटाकडे बघत होते, मग वहिनीच्या. बाईंनी वही उघडून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी जमिनीवर ठेवली. "हा तुमच्या कुमुदचा डोळा. हा सूनबाईंचा. मला काही सिद्ध करायचं नाही, तुम्हाला डोळे आहेत. ही मुलगी रोज वीस माणसांइतकी थकते आणि तुमची पोळी लाटते. असंच चाललं तर ती आंधळी होईल, आणि पुढे ह्या सुजेने मेंदूचं रक्त बंद होईल. मग म्हणा ढोंग."

आई म्हणाली, "तुम्हाला संसार नाही, बाई. घरात कामं कशी उरकतात ते तुम्हाला काय कळणार?"

देवस्थळीबाई तिच्याकडे वळल्या. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाही कळत. तुम्हाला कळतं. म्हणूनच तुम्हाला आधी दिसायला हवं होतं." आईने तोंड फिरवलं. खरं सांगायचं तर त्यानंतर आयुष्यभर ती त्या विषयावर बोलली नाही. माफी मागणं आमच्या घरात कोणाला शिकवलंच नव्हतं.

नाना उठले. कोट चढवला, टोपी घातली, आणि दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरून तारघरात गेले. एक तार महूला, येऊ नका. एक ग्वाल्हेरला, रजा घेऊन ये. दादा आठ दिवसांनी आला. तोवर नाना वहिनीला घेऊन मुंबईला पोचलेसुद्धा होते, देवस्थळीबाईंच्या गुरूंच्या हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरांनी बाईंची वही टेबलावर ठेवून वहिनीचे डोळे तपासले आणि म्हणाले, इंदूरमध्ये हे ज्यांनी ओळखलं त्यांना माझा नमस्कार सांगा. तेव्हा नव्यानेच निघालेलं एक औषध होतं, ते सुरू केलं. डावा डोळा तोवर हातचा गेला होता. खजरान्याच्या वेळीच आणलं असतं तर कदाचित वाचला असता, असं तिथले म्हणाले. हे "कदाचित" मी सत्तर वर्षं जवळ बाळगलं आहे. उजवा डोळा राहिला. ताप गेला, सांधे मोकळे झाले. औषधाने तिचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा सुजला, तर परत आल्यावर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "मुंबईची हवा मानवली हो सूनबाईंना, कशी गुटगुटीत झाली!" मला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

ह्यानंतर वर्षभराने नानांकडे एक छापील पत्रिका आली. गावातल्या डॉक्टर लोकांची सभा होती, त्यात बडे डॉक्टर एका दुर्मिळ आजारावर बोलणार होते, आणि रुग्णाला आणावं अशी त्यांची विनंती होती. विनंती! वहिनी म्हणाली, "मामंजी, मी जाते. कुमुदला घेऊन जाते." आम्ही गेलो. मोठा हॉल, पुढे खुर्च्या, मागे कॉलेजची मुलं. शेवटच्या ओळीत देवस्थळीबाई, मांडीवर वही. त्यांना बोलायला सांगितलेलं नव्हतं. वहिनीला सगळ्यांसमोर स्टुलावर बसवलं. बडे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. मला अर्धंमुर्धं समजत होतं, पण वहिनी मॅट्रिक होती, तिला सगळं समजत होतं. ते म्हणाले, रुग्णाला प्रथम तपासतानाच मनगटात नाडी नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मी डोळे तपासून घेतले.

वहिनी उभी राहिली. एका हाताने स्टूल धरून, सावकाश. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलली. "माफ करना साहब. आपने मेरी नब्ज देखी तब आप घडी देख रहे थे. आपने मेरे ससुरजी से कहा, मैं नाटक करती हूँ. जिन्होंने पहचाना, वो वहां पीछे बैठी हैं. उनका नाम आपने लिया नहीं."

मग बडे डॉक्टर हसले आणि म्हणाले, "पहिल्या निदानाचा, हिस्टेरियाचा, थोडा अंश अजून शिल्लक दिसतो." आणि लोक हसले! शिकलेसवरलेले, कोट घातलेले लोक एका एकाक्ष झालेल्या बाईला हसले. अध्यक्ष म्हणाले, वेळ झालाय, चाय तयार आहे. खुर्च्या सरकल्या, सगळे चहाला गेले. वहिनी उभीच होती. मला रडू फुटत होतं. तेवढ्यात मागून एक विद्यार्थिनी पुढे आली, वहिनीला विचारलं, "दीदी, देखूँ?" आणि तिचं मनगट हातात घेतलं. घड्याळ तिने बघितलं नाही, वहिनीकडे बघत राहिली. मग आणखी चार-पाच जण आले. देवस्थळीबाईंनी पुढे येऊन टेबलावर वही उघडली आणि शिकवायला सुरुवात केली. चहा संपून लोक परतले तरी त्या शिकवतच होत्या. पुढे ते भाषण कुठेसं छापून आलं, त्यावर नाव बड्या डॉक्टरांचंच होतं. गावात त्यांच्या नावाने आता रस्ता असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. देवस्थळीबाईंची आठवण असणारी मीच एक उरले असेन.

वहिनी त्यानंतर सोळा वर्षं जगली. दादाची बदली भोपाळला झाली तेव्हा तो तिला बरोबर घेऊन गेला, आणि नाईलाजाने नव्हे. तिथे तिने मुलींची शिकवणी घेतली. पण मला आठवते ती त्या सभेची संध्याकाळ. आम्ही टांग्यातून उतरलो, जिना चढलो. वहिनी तीनदा थांबली आणि तीनदा कोणी काही म्हणालं नाही. आई दारातच होती. तिने विचारलं, "काय म्हणाले बडे डॉक्टर?"

वहिनी चपला काढत म्हणाली, "ते काही नाही म्हणाले, आई. मीच म्हणाले."